मोठी फाईल

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

खोकं पोचलं. वर लाल शाईत ‘उलटे ठेवू नये’ लिहून खाली दोन रेघा मारल्यास, म्हणजे छापखाना सुटला तरी प्रुफं तपासायची खोड काही सुटलेली नाही. आतल्या व्हिडिओ कॅसेटी धडधाकट आल्या. तुझ्या भावाचं कपाट तू एकटीने रिकामं केलंस आणि मी आले नाही, त्याबद्दल बोलायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून बोलत नाही.

कॅसेटींना बुरशी धरली आहे. मी ज्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते, त्याच्या मागच्या गल्लीत एक व्हिडिओवाला आहे. जुनी यंत्रं दुरुस्त करतो आणि आता दुकान गुंडाळतोय. तो म्हणाला, बुरशी पुसून एकदा चालवून घेऊ, दुसऱ्यांदा चालतील याची हमी नाही. पण फाईल कुठली हवी ते आधी ठरवा.

तर प्रश्न असा. लहान फाईल म्हणजे आपली नेहमीची एमपी-फोर. कुठल्याही फोनवर चालते, कोणालाही पाठवता येते. मोठी म्हणजे टेपवर जे आहे ते जसंच्या तसं, काही न गाळता. तिला एमकेव्ही म्हणतात. ती फोनवर नीट उघडत नाही, ढीगभर जागा खाते, दोन डिस्कवर ठेवावी लागते आणि अधूनमधून उघडून बघावी लागते. मी विचारलं, माझी लेक म्हातारी होईल तेव्हा यातली कुठली उघडेल? तो म्हणाला, लहान उघडेल कारण ती घरोघरी आहे. मोठीही उघडेल कारण ती कशी बांधलीय ते कोणालाही वाचायला मोकळं आहे. म्हणजे दोन्हीकडून हो. असल्या सल्ल्याने डोकं अजून उठतं. माझा नवरा म्हणतो लहान घे, मोठीचं ओझं कोण सांभाळणार. मी लहान करून घेतल्यात, मोठ्या त्याच्याच मशीनवर पडून आहेत. ठेवायच्या की पुसायच्या ते तू सांग. आपल्या घरात कागदपत्रं जपायची अक्कल तुलाच आहे.

आता खरं काम. त्यात शेवटच्या सुट्टीतली कॅसेट आहे. मला मावशीकडे धाडलं होतं आणि मी परत आले तेव्हा आई नव्हती, ती सुट्टी. आई मागच्या पायरीवर बसून वाटाणे सोलतेय. तुझ्या भावाने कॅमेऱ्याला बाहेरून माइक जोडलाय. सुरुवातीला आवाज आहे. भांडी वाजतात, आई म्हणते, ‘आज ऊन बरं पडलंय.’ मग ती काहीतरी हात करते आणि आवाज जातो तो जातोच. माइकची बॅटरी संपली असणार. त्यानंतर किती वेळ ती बोलते आहे, थेट माझ्याकडे बघितल्यासारखी, आणि एक अक्षर ऐकू येत नाही.

तू ओठ वाचतेस. आईचे तर तुला पाठ होते. पेनड्राइव्ह सोबत आहे, वाचून सांग.

तुझा भाऊ कसा आहे?

तुझी ठकी


११ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

माझ्या भावाला तू बाबा म्हणतेस. समोर म्हणत नसशील तर निदान कागदावर तरी म्हण.

तुझी एमपी-फोर पाहिली. पायरी दिसते, वाटाणे मोजून घ्यावेत इतके दिसतात, वहिनीच्या स्वेटरची उसवलेली बाहीसुद्धा दिसते. आणि तोंडाच्या जागी चौकोन! ती बोलायला लागली की चौकोन इकडचे तिकडे होतात. मी माणसाचं तोंड वाचते बाई, फरशी नाही. शिवाय ओठ आत्ता उघडे आणि लगेच मिटलेले, मधलं काय झालं ते गायब. तुझ्या त्या व्हिडिओवाल्याला विचार, काय काय गाळलंस आणि कोणाला विचारून.

ठेवायचं म्हणशील तर मोठीच ठेवायची, यात विचारायचं काय? पुस्तक छापून झालं म्हणून लेखकाच्या हातचं मूळ कोणी रद्दीत घालत नसे आमच्याकडे. मी नव्या साहेबाशी त्यावरून भांडले होते. त्याला वाटलं, बहिरी बाई, ओरडून गप्प करू. ओरडत बसला बिचारा. मोठी पाठव.

दादाला आता उठता येत नाही. फुप्फुसं थकली. श्वासाचं यंत्र घरी आणलंय. भेटायला येणारे म्हणतात फार घरघरतं, मला काय त्याचं. माझी पंचाईत वेगळीच आहे. मास्क लावल्यापासून त्याचं तोंड दिसत नाही, त्यामुळे आमचं बोलणंच तुटलं. जन्मभर ज्याच्याशी तोंड बघून बोलले तो समोर आहे आणि काय म्हणतो ते कळत नाही, याने जीव अगदी रडकुंडीला येतो. वहीवर लिहितो, पण हात कापतो.

डॉक्टर म्हणाले, कोणाला भेटायचं असेल तर आता भेटून घ्या. ये तू.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मोठी पाठवते आहे. एवढ्याशा कॅसेटीला आख्खी डिस्क लागली. आधी सोबत लिहून दिलेला प्लेअर टाक, मग उघडेल.

व्हिडिओवाल्याला तुझं फरशीचं वाक्य वाचून दाखवलं. तो हसला आणि मग ओशाळला. म्हणाला, फाईल लहान करताना यंत्र चेंगटपणा करतं. भिंत, पायरी हलत नाही, ती नीट ठेवतं. जे बारीक असतं आणि सारखं हलतं तिथे हात आखडतं. म्हणजे नेमकं तोंड. वर टेपवरची निम्मी हालचाल त्याने सरळ टाकून दिली होती, कारण गिऱ्हाइकाला त्याने काही फरक पडत नाही. मी म्हटलं, माझं गिऱ्हाईक वेगळं आहे.

तू ये म्हणतेस. मग स्पष्टच लिहिते.

आईच्या उपचाराची पहिली फेरी झाली होती. दुसरी करायची होती, डॉक्टरांनी तारीखसुद्धा दिली होती. बाबांनी तिला नेलंच नाही. मी मोठी झाल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाले, ‘माझी चूक झाली.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. कारण नाही, डोळ्यांत पाणी नाही, जणू कोणाचा निरोप द्यायला विसरले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते, हे तुला माहीत आहे.

त्या पायरीवर आई ‘मला न्या’ म्हणत असेल आणि हा माणूस डोळ्याला कॅमेरा लावून ते बघत बसला असेल, तर मी येणार नाही. शेवटचं तोंड बघायलाही नाही. तसं नसेल तर येईन. तू वाच आणि काय असेल ते कळव. मला गोड करून सांगू नकोस.

ठकी


९ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दादाचं सगळं अंथरुणात करावं लागतं, वेळ पुरत नाही.

मोठी फाईल पाहिली. वहिनी स्पष्ट दिसते. ती उन्हाचं बोलते, दोरीवरचे कपडे वाळले असतील म्हणते, तुझ्या शाळेच्या बुटांचं काहीतरी म्हणते. घरातल्याच गोष्टी. ‘मला न्या’ असं ती कुठेही म्हणत नाही. हे मी माझ्या डोळ्यांची शपथ घेऊन सांगते. तेव्हा आता आढेवेढे न घेता ये.

फाईलचं म्हणशील तर मी पुन्हा विचार केला. तुझा नवरा म्हणतो ते बरोबर आहे, लहानच बरी. सगळ्यांना बघता येईल. मोठीचं लोढणं कशाला गळ्यात? पुसून टाक. मूळ कॅसेटही टाकून दे, बुरशी घरभर पसरते.

दादा दोन दिवस जेवला नाही. लवकर ये.

आत्या


१४ मार्च

आत्या,

कुठेतरी पाणी मुरतंय.

लहान फाईल पाठवली तेव्हा तू माझी सालटी काढलीस. मूळ रद्दीत घालायचं नाही म्हणून साहेबाशी भांडलेली बाई तू. आणि आता म्हणतेस, पुसून टाक, कॅसेटही टाक. ज्या फाईलमध्ये आईचं तोंड वाचता येतं नेमकी तीच नको, आणि चौकोनवाली चालेल? आई बुटांबद्दल बोलत असती, तर तू बुटांचा रंगसुद्धा लिहून पाठवला असतास.

मी तुला गोड करून सांगू नकोस म्हटलं होतं. तू माझी समजूत काढते आहेस असं दिसतं. म्हणजे आई ‘मला न्या’ असंच म्हणाली असणार आणि तू भावाला पाठीशी घालते आहेस.

मोठी मी पुसलेली नाही, पुसणारही नाही. इथे बहिऱ्या मुलांच्या शाळेत एक बाई आहेत, ओठ वाचायला शिकवतात. पुढच्या आठवड्यात त्यांना नेऊन दाखवते.

ठकी


१८ मार्च

ठके,

परक्या बाईला दाखवू नकोस. मी सांगते.

वहिनीने हात केला तो माइककडे. ‘ते बंद करा,’ असं म्हणाली. दादाने बंद केला. कॅमेरा बंद करायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आवाज गेला म्हणजे बोलणं गेलं, असं ऐकू येणाऱ्या माणसांना वाटतं. मी त्याच घरात राहत होते, रोज वहिनीचं तोंड बघून तिच्याशी तासन्‌तास बोलत होते, तरीसुद्धा त्यांना असंच वाटलं. आणि वहिनी समोर दिसते आहे तोवर दादाने कॅमेरा खाली ठेवला नसता, हेही खरं.

आता तिचं बोलणं. मान वळवते तिथे काही जातं, बाकी मी पुन्हा पुन्हा पाहून उतरवलं आहे, पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

‘मी आता जाणार नाही. मागच्या वेळी तिथे पडल्यापडल्या मला पोरीचं नावसुद्धा आठवेना. तसं नको. जेवढे दिवस आहेत तेवढे मला या घरात, शुद्धीत पाहिजेत. तुम्ही डॉक्टरांना काय सांगायचं ते सांगा.’

मग वाटाणे सोलते. मग म्हणते,

‘ठकीला मात्र सांगू नका मी नको म्हणाले. तिला वाटेल, आईला माझ्यासाठीसुद्धा जगायचं नव्हतं. ते तिला झेपायचं नाही. ती विचारेल तेव्हा तुम्ही नेलं नाहीत असं सांगा. चिडेल तुमच्यावर. चिडू दे. तुम्ही सोसाल, तुमचं तसं आहे. माझ्यावर नको चिडायला तिने. मी काही समजूत घालायला नसेन. शपथ बिपथ नको, नुसतं हो म्हणा.’

तिथे चित्र एकदा खाली जातं आणि वर येतं. कॅमेरा डोळ्याला लावूनच त्याने मान हलवली. लहान फाईलमध्ये बघशील तर कॅमेरा हलला एवढंच वाटतं.

त्याने मलाही कधी सांगितलं नाही. तू त्याच्याशी तुटक वागायचीस, मी त्याला म्हणायचे, पोरीला नीट कारण तरी सांग. तो म्हणायचा, कारण काही नाही, चूक झाली.

मी तुझ्यापासून लपवलं, कारण तिने सांगू नका म्हटलंय आणि त्याने एवढी वर्षं शब्द पाळलाय. तो मोडणारी मी कोण? मला वाटलं, तू नुसती येशील, त्याचा हात धरशील आणि गोष्ट इथेच मिटेल. मग तू परक्या बाईचं लिहिलंस. वहिनीच्या तोंडचे शब्द तुला तिऱ्हाइताकडून कळलेले मला सहन झाले नसते.

आता कळलं ना? नीघ.

आत्या


६ एप्रिल

ठके,

घर रिकामं झालं. यंत्र परत नेलं. त्याची खोली मी अजून झाडलेली नाही.

तू आलीस तेव्हा मला किती बरं वाटलं होतं ते कसं सांगू. म्हटलं, चला, बापलेकीचं शेवटी तरी गोड झालं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याचं पेज घेऊन दारात आले तर काय पाहिलं? तू माझ्याकडे पाठ करून उभी. एक बोट त्याच्या तोंडासमोर रोखलेलं, खांदे रागाने थरथरतायत. त्याचं तोंड मास्कखाली, तुझं भिंतीकडे, मला एक शब्द वाचता आला नाही. पण माणूस कोणाला फैलावर घेतोय हे कळायला शब्द लागत नाहीत.

तू बाहेर आलीस तेव्हा मी तुझा हात धरून विचारलं, काय बोललीस त्याला? तू हात सोडवून निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी तो गेला. एवढी माणसं येऊन गेली, त्यात तू माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाहीस.

मी वहिनीचा शब्द मोडला तो कशासाठी? त्या माणसाने तुझा राग आयुष्यभर मुकाट्याने खाल्ला, त्याला शेवटच्या दिवशीही तोच वाढलास? सगळं कळूनसुद्धा? की आईवरचा राग आता त्याच्यावर काढलास? मला तुझी लाज वाटते ठके. असं लिहायला नको, पण वाटते.

फाईल ठेव नाहीतर जाळ. मला विचारू नकोस.

आत्या


११ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून तुझा राग आला नाही. तू जे पाहिलंस ते तसंच दिसलं असणार.

फाईलचं आधी लिहिते. मोठी ठेवली आहे. एक डिस्क माझ्याकडे, दुसरी या पत्रासोबत तुझ्याकडे. लहान फाईल नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवली, ते आईचा स्वेटर बघून खूश आहेत. आई काय म्हणाली ते मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. पुढे कोणी तुझ्यासारखं निघालं तर वाचेल.

आता ती दुपार.

येताना गाडीत मी सगळं ठरवलं होतं. बाबांना म्हणेन, मला कळलं, आईनेच नको म्हटलं होतं, मी तुमच्याशी फार वाईट वागले. ते रडतील, मी रडेन. पहिल्या दिवशी जीभ उचलली नाही. दुसऱ्या दुपारी तू स्वयंपाकघरात होतीस, म्हणून खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, ‘बाबा, दुसऱ्या फेरीला आई स्वतःच नको म्हणाली होती ना?’

आत्या, ते इतके दचकले की मला वाटलं काहीतरी झालं. हाताने ‘नाही, नाही’ करत राहिले. मास्कमधून आवाज दबका येत होता, पण मला सगळं ऐकू आलं. म्हणाले, ‘कोणी सांगितलं तुला? खोटं आहे. ती तयार होती. बॅग भरून बसली होती. तुझ्यासाठी तिला जगायचं होतं. मीच नेलं नाही. मीच.’ आणि त्यांचा श्वास लागला. यंत्राचा दिवा लाल झाला. ते उठून बसायला बघत होते. माझ्याकडे असे बघत होते, जणू मी काय उत्तर देते त्यावर सगळं अवलंबून आहे. मरायला टेकलेला माणूस, आणि त्याला भीती कसली, तर मला कळलं असेल याची.

बॅग बिग काही नव्हती. ती त्यांनी त्या क्षणी, श्वास पुरत नसताना, माझ्यासाठी तयार केली.

मी तेव्हा ‘मला सगळं माहीत आहे’ म्हणाले असते, तर मला मोकळं वाटलं असतं. त्यांना मात्र वाटलं असतं की आईला दिलेला शब्द अगदी शेवटी हातातून निसटला. मग मी उठले. तू दारात आलेली मला दिसलीस, म्हणून पाठ केली, कारण मी काय बोलते ते तू वाचलं असतंस तर मध्ये पडली असतीस. बोट रोखलं आणि म्हणाले, ‘मग तुमचीच चूक. तुम्ही नेलं असतंत तर ती जगली असती. आईला मी कधी दोष देणार नाही. तुम्हाला देणार, कायम देणार.’ बरंच बोलले. जुनं सगळं पाठच होतं, फक्त आता एकेक शब्द खोटा होता आणि आवाज न फुटू देता म्हणायचा होता. खांदे त्याने हलत होते.

मी बोलत गेले तसा त्यांचा श्वास हळूहळू खाली आला. दिवा हिरवा झाला. ते मागे टेकले. ‘बरोबर आहे तुझं,’ म्हणाले. चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं. मग पाणी मागितलं. मास्क जरा बाजूला करून मी चमच्याने पाजलं, मोठी झाल्यापासून पहिल्यांदा.

तू बाहेर हात धरलास तेव्हा मी तो सोडवून घेतला, न्हाणीघरात गेले आणि नळ पूर्ण सोडून दिला. तुला सांगायला तोंड उघडलं असतं तर मी हंबरडा फोडला असता. तुला तो ऐकू आला नसता आत्या, पण बाबांना आला असता.

तुझी ठकी